बिज्याच्या भुशाचं पाणी

माही पोरगी कशालेच हात लावत नव्हती. लोकायले वाटे लेकरू लय शहाणं हाय, चिखलात जात नाही, कपडे भरवत नाही. दुसऱ्यायचे पोट्टे नालीपाशी बसून चिखलाचे गोळे करत, आन् माही उंबऱ्यावर दोन्ही हात वर धरून उभी राहे, जसे काही आताच धुतले आन् वाळवून राहिली. भाताचं एक शीत बोटाले चिकटलं तं ते बोट समोर धरून रडे. कोणी पुसून देईस्तोवर रडे. ओल्या जमिनीवर पाय ठेवाची पाळी आली तं एक पाय उचले, मंग दुसरा उचलाले पाहे, आन् पडे.

आन् माय काय काम करे तिची? लांब रोटी. ज्यानं पाह्यली नाही त्याले सांगते. गव्हाची कणीक मिठाच्या पाण्यात सैल भिजवाची आन् परातीत आपटाची. पुन्हा पाणी माराचं, पुन्हा आपटाची. आपटता आपटता ते अशी होते का उचलली तं कोपरापर्यंत ओघळते. मंग दोन्ही हातायवर झेलत झेलत फडक्याएवढी कराची, आन् चुलीवर मडकं पालथं घातलेलं राहते त्याच्यावर टाकाची. लग्नाकार्यात तीनचार बाया बसतो आम्ही, मांडवाच्या मागं. तं ज्या बाईचे हात कोपरापर्यंत कणकीत, तिच्या पोटी हे असं लेकरू. आमची शेजारीण नळावर सगळ्यायसमोर म्हणे, "देवानं भल्ली थट्टा केली वं तुही." मीही हसो. हसाले काय लागते.

पोरीचा बाप लकडगंजात आरामशिनीवर होता, म्हणजे जिथं लाकडाचे ओंडके कापतात तिथं. त्या वर्षी होळीच्या आधी ओंडका त्याच्या पायावर घसरला. मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. डॉक्टरनं सांगतलं का पावसाळ्यापर्यंत काम नाही. मालक भला होता, म्हणे पाय जुळला का ये, तुही जागा हाय. पण तोवर खाचं काय? तोवर माही रोटी. लग्नसराई समोरच होती, म्हणून मले फिकीर नव्हती. फिकीर पोरीची होती.

ती फक्त माह्याच हातानं खाये. बापाचे हात लाकूड उचलून उचलून लाकडावाणीच झालेले. त्यानं घास समोर केला का तोंड फिरवे. आपल्या हातानं खाणं तं दूरच, ताटाले शिवत नव्हती. मी सकाळी रोटीवर गेली का दिवसभर ती पाण्यावर. मी घरी येई तं ती दारात उभी, ओठ वाळलेले, आन् बाप बाजेवर डोक्याले हात लावून बसलेला. म्हणे, "सगळं करून पाह्यलं. गाणं म्हटलं, चिमणीचा घास, कावळ्याचा घास, सगळं. चिमण्याच खाऊन गेल्या."

होळी झाल्यावर सासू गावावरून आली, लेकाचा पाय पाहाले. सासूले आम्ही मामीजी म्हणो. बाई भल्ली कडक, पण बोलली ते खोटं कधी बोलली नाही. चार दिवस राह्यली, पोरीचं सगळं पाह्यलं, आन् जाच्या दिवशी सकाळी म्हणाली, "मी नेते इले गावाले. तिथं शेण हाय, माती हाय, गायीवासरं हायेत, माह्या दीराचे नातू हायेत. लेकरायत लेकरू सुधरन. इथं तं वाळून जाईन."

मंग तिनं ठरवूनच टाकलं. अक्षय तृतीयेले पितरायचं पान दर वर्षी गावच्या घरी मांडत, पण पान लेकानं मांडाचं राहते, आन् यंदा लेकाले बसमधी चढता येत नव्हतं. म्हणून तीच इकडं येणार होती. पान झालं का दुसऱ्या दिवशी पोरीले घेऊन जाणार होती.

मी हो म्हटलं. नाही म्हणाले माह्यापाशी होतं काय? तिचं सगळं बरोबरच होतं.

पण मले एक गोष्ट माहीत होती. मी लहान असतानी मायची तब्येत बिघडली, तं मले मावशीकडं ठेवलं होतं. थोड्या दिवसायसाठीच ठेवलं होतं. मावशी वाईट नव्हती. लांब रोटी तिनंच शिकवली, तेच आज पोटाले आली. पण त्या थोड्या दिवसायचे वर्षं झाले. मी परत आली तेव्हा मायच्या घरी तहान लागली तं मी विचारो, पाणी घेऊ का? माय एकदा रडली त्याच्यावर. म्हणे आपल्या घरचं पाणी कोणी विचारून पेते का? मी तरी विचारोच. सवय लागली होती.

हे पोरीच्या बापाले ठाऊक होतं. मामीजीची बस गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "अक्षय तृतीयेले अजून वेळ हाय."

पहिले तं आम्ही जे सगळे करतात तेच केलं. नजर काढली, मिरच्या जाळल्या, ठसका आम्हालेच लागला. मंग त्यानं चुलीची माती भिजवून बैल केला, छान शिंगंबिंगं काढलेला, आन् ओलाच तिच्या हातात देला. तिनं बैल फेकला आन् वकली. शेजारीण म्हणे, दह्यात हात बुडवून ठेवा एक दिवस, जाते सगळी खोड. मी म्हटलं दही तू आण. मंग तिनं तो उपाय पुन्हा सांगतला नाही.

उपाय निघाला तो शेगडीतून. त्या वर्षी राशनवर रॉकेल भेटत नव्हतं, आन् लाकूड महाग. आम्ही भुशाच्या शेगडीवर रांधत होतो. पत्र्याचा डबा घ्याचा, त्याले खाली बाजूनं एक भोक. डब्याच्या मधात बाटली उभी कराची, खालच्या भोकात दांडा घालाचा, आन् भवताल लाकडाचा भुसा ठासून ठासून भराचा. मंग दांडा काढाचा, बाटली हळूच उपटाची. मधात गोल नळी तयार होते, तिच्यात जाळ लागते आन् दोन वेळचं रांधणं होते. आधी पोरीचा बाप कामावरून येतानी भुसा आणे. आता मी डोक्यावर पोतं घेऊन आणत होती, आन् तो लांब पाय करून, भिंतीले टेकून, शेगडी भरत बसे. बसल्या जागी होणारं घरातलं तेवढंच काम होतं.

पोरगी उंबऱ्यावरून पाहे. भुशाकडं नाही, बाटलीकडं. बाटली वर आली का 'फस्स' असा आवाज होये आन् साफ गोल भोक राहे. ते पाहून ती मान हालवे. बाप हुशार, तिच्याकडं पाहेच नाही. बाटली अर्धी काढे आन् थांबे. म्हणे, "आज काही निघत नाही बाप्पा. आज उपाशीच राहा सगळे." असे दोनतीन दिवस गेले. मंग एक दिवस ती उंबरा उतरून आली, बाटलीचं तोंड धरलं आन् ओढली. फस्स. तिनं भोकात पाह्यलं, बापाकडं पाह्यलं. बापानं लगेच सगळा भुसा सुपात उलटवला आन् शेगडी पुन्हा भराले घेतली. त्या दिवशी चूल किती उशिरा पेटली विचारू नोका.

बाटली सुकी, चोपडी, साफ. तिचं काम ठरलं, बाटली ओढणं. मंग बाप म्हणाला, भुसा दाबल्याशिवाय बाटली निघत नाही वं माय, तूही दाब. तिनं एका बोटानं दाबलं. बोटाले भुसा लागला. तोंड वाकडं झालं, आता भोंगा सुरू होणार, तेवढ्यात बापानं तिचं बोट धरून फुंक मारली. फू. गेला भुसा. तिनं बोट उलटसुलट करून पाह्यलं. पुन्हा दाबलं. पुन्हा समोर केलं. फू.

सुका भुसा चिकटत नाही. फुंकला का जाते. तिले तेच पाहिजे होतं असं आता मले वाटते. लागलेलं जाते का नाही, एवढंच तिले कोणी दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात दिवसभर फू चाले. एक बोट, मंग पाच बोटं, मंग दोन्ही मुठी. मी रोटीवरून घरी आली का पहिले माह्या हाताले फू करे. माह्या हाताले कणीक वाळलेली राहे, ते जाये नाही, तं माह्याकडं अशी पाहे जशी मीच काहीतरी चुकली.

मंग शेगडी तीच भराले लागली. पहिल्या दिवशी तिनं भरलेली मी पेटवली, तं डाळ चढते न चढते तोच भुसा आतल्या आत ढासळला आन् सगळ्या वस्तीत धूर. शेजारीण पदर नाकाले लावून आली. म्हणे, "का जी भाऊ, डास मारून राहिले का माणसं?" तो म्हणे, "लेक रांधून राहिली पहिल्यांदा. जेवूनच जा." आम्ही तिघायनं कच्ची डाळ खाल्ली. पोरीनं माह्या हातानं खाल्ली, पण खाल्ली.

घरी बसल्या माणसाले मंग नादच लागला. परातीत भुसा पसरे आन् त्यात वस्तू लपवे, चिंचोके, कुलूप, माही फुटकी बांगडी कडा घासून घेतलेली, एखादं संत्रं. डोळे मिटून हातानं शोधाचं. संत्रं सापडलं का ती त्याचा वास घे आन् पुन्हा पुरून टाके. पितळेच्या गडव्यात, तांब्यात म्हणा, भुसा भरून डबड्यात ओते, डबड्यातून गडव्यात. वरून झुरझुर सोडे आन् खाली हात धरे. पायावर भुशाचा ढीग करून पाय गायब करे, मंग बोटं हालवली का ढीग फाटे आन् ती खिदळे. बाप म्हणे, "माहाही पाय असाच निघाला पाहिजे प्लास्टरमधून." शेजारचे पोट्टे येऊन बसाले लागले. घरभर भुसा. अंथरुणात भुसा, भाकरीत भुसा, माह्या केसायत भुसा. शेजारीण म्हणे, तुहा नवरा बालवाडी चालवून राहिला का वं? मी म्हटलं हाव, तुहाही पाठव, मोठा.

सगळा भुसा एकसारखा राहत नाही हे मले तेव्हा समजलं. सागाचा मऊ, जरासा तेलकट. बाभळीचा जाड, टोचणारा, तो तिले आवडे नाही, पोतं उघडलं का वासावरूनच मांगं सरके. मंग मी आरामशिनीवर ढिगायत हात घालून घालून पाहे, कोणता बारीक, कोणता मऊ. तिथल्या भुसा भरणाऱ्या बाया हसत. म्हणत, "भुसा घेऊन राहिली का लुगडं वं? पदर कसा हाय तेही पाहून घे." मी त्यायलेही एक दिवस मूठभर सागाचा आन् मूठभर बाभळीचा हातात देला. मंग त्याच मले बाजूले काढून ठेवाले लागल्या.

अशातच एका पोत्यात बिज्याचा भुसा आला. बिजा म्हणजे जंगलातलं लाकूड, साखरेच्या बिमारीचे लोक त्याच्या पेल्यातलं पाणी पेतात. मले त्याचं काही माहीत नव्हतं, लालसर दिसला, मऊ लागला, म्हणून आणला. त्या दिवशी मले दुपारून एका तेरवीच्या घरी जाचं होतं. पहिले थोडी कणीक घरीच भिजवून पाहू, गहू नवीन होता, म्हणून मी दारापाशी उन्हात परातीत मिठाचं पाणी करून ठेवलं. पोरगी तिथंच बसली होती भुसा घेऊन. तिनं मूठ वर धरली, फू केलं, आन् सगळा भुसा माह्या पाण्यात.

मी ओरडाले तोंड उघडलं. पण पाण्याचा रंग बदलाले लागला होता. भुसा जिथं पडला तिथून तांबूस धागे सुटले आन् पसरत गेले. पाहता पाहता पाणी कोऱ्या चहावाणी झालं. आन् ऊन पडत होतं त्या बाजूले, परातीच्या काठापाशी, निळं दिसे. मोराच्या मानेवर राहते तसं निळं. मान हालवली का नाहीसं होये, पुन्हा हालवली का येये.

पोरीलेही दिसलं. ती परातीवर वाकली. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. बापानं मले हातानंच सांगतलं का बोलू नोको. मी कुठं बोलून राहिली होती. तिनं हात पुढं केला, त्या निळ्यावर नेला, आन् त्याले पकडाले घट्ट मूठ मारली. हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

निळं काही हाती आलं नाही. हात बाहेर काढला तं त्याले ओला भुसा चिकटलेला, सगळ्या बोटायले. तिनं फू केलं. गेला नाही. पुन्हा केलं, गाल फुगवून. नाहीच गेला. ओठ थरथरले. बाप बसल्या बसल्या पुढं सरकला, प्लास्टर जमिनीवर खरखर वाजलं, तिचा हात धरला आन् पुन्हा त्याच पाण्यात बुडवून हालवला. वर काढला, साफ.

"गेलं," तो म्हणाला.

तिनं हात पाह्यला. मंग आपणच भुशात घातला, आपणच पाण्यात बुडवला, आन् आपणच म्हणाली, "गेलं."

मी तेरवीच्या घरी उशिरा पोचली आन् बोलणं खाल्लं. ते बोलणं मले काहीच लागलं नाही.

त्याच्यानंतर एकच नियम झाला. तिच्यापाशी पाण्याचा गडवा पाहिजे. गडवा जवळ असला का ती कशालेही हात लावे. ओल्या भुशाचे लाडू वळले तिनं, शेगडीले बाहेरून माती लिपली, सारवतानी माह्या संग शेणात हात घातला. प्रत्येक वेळी लावलं का धुये, लावलं का धुये. पाणी लय सांडे, नळावर माह्या दोन खेपा जास्तीच्या होत. मंग एक दिवस मी तिले कणीक देली, रोटीची, सैल झालेली. तिच्या हातावर टाकली. ती खाली ओघळली, मनगटावरून कोपरापर्यंत, आन् टोकाले थेंबावाणी लोंबत राह्यली. तिनं हात वर केला तं कणीक उलटी दंडाकडं चालली. तिले गुदगुल्या झाल्या. अशी हसली का हसता हसता बसलीच खाली. बाप म्हणे, "घ्या, रोटीवाली झाली." त्या दिवशी ती कणीक आम्ही रांधली नाही. सांजेपर्यंत तिच्याच हातावर होती.

पण जेवणाचं तसंच. सगळ्यात हात घाले, पण ताटापाशी बसवली का हात मांगं. मी घास भरवला तं खाये, नाही तं बसून राहे. कणीक वेगळी आन् घास वेगळा होता तिच्या मनात. बापानं भुशात लपवाले फुटाणे ठेवून पाह्यले. तिनं शोधून काढले, धुतले, रांगेत मांडले, आन् खाल्ले नाही. अक्षय तृतीया जवळ येत होती. तो बोलणं कमी कराले लागला. मी तिचे दोन फराक धुऊन, घडी करून ठेवले होते. कोणाले दाखवले नाही.

आदल्या दिवशी मामीजी आली. डोक्यावर नवीन घागर, पाण्याची, पितरायसाठी. हातात पिशवी, पिशवीत पोरीसाठी शिवलेला हिरवा फराक, प्रवासात घालाले. पोरीच्या हाताची माती तिनं निरखून पाह्यली. मंग विचारलं, "जेवते का?" पोरीचा बाप म्हणाला, खेळते आता सगळ्यात. ती म्हणाली, "मी जेवते का म्हटलं."

सकाळी मले प्रताप नगरात लग्नाच्या रोटीवर जाचं होतं. तिकडं तेव्हा अर्धी शेतं होती आन् अर्धे प्लॉट, एका नवीन घराच्या अंगणात मांडव होता. त्या दिवशी सगळीकडं लग्न, शब्द देलेला, मोडता येत नव्हता. मी पहाटेच पुरण वाटून देलं, बाकी मामीजी करणार होती. ती म्हणाली, "जाय तू. घर चालवाचं हाय ना?" चांगल्याच मनानं म्हणाली.

माह्या हातची रोटी फाटत नसे. त्या दिवशी फाटली. हातावर झेलतानीच भोक पडे. नवरीची आजी खुर्ची टाकून बसली होती, म्हणाली, "काय वं बाई, तुह्या कणकीचं लक्ष नाही आज." मी म्हटलं, हाव जी, तिचं लक्ष घरी हाय. संगच्या बायायनं माह्या वाट्याचं मडकं सांभाळलं आन् मले कणीक आपटाले बसवलं. आपटाले काही लक्ष लागत नाही. मी आपटत राह्यली.

उन्हं कलल्यावर सुटली. सीताबर्डीपर्यंत पायी आली, तिथून पुढंही पायीच, बससाठी उभं राहवत नव्हतं. वस्तीच्या तोंडाशीच नळावर शेजारीण भेटली. घागर भरून वाहून राहिली होती आन् ती पदरात तोंड घालून हसून राहिली होती. म्हणे, "जाय लवकर. तुह्या घरी पितर जेवून गेले आज. म्या आपल्या डोळ्यानं पाह्यले."

घरी आली. मामीजी बाहेर बाजेवर बसली होती, तिचेही डोळे ओले आन् तोंड हसरं. मी पाणी पेण्याआधी पोरीच्या बापानं सगळं सांगतलं.

पान मांडलं होतं. वरणभात, कढी, पुरण, वडे, कुरडई, चिंचवणी. पानापाशी नवीन घागर आन् पाण्याचा गडवा. पितरायच्या पानापाशी गडवा ठेवतातच. लेकानं पाणी सोडलं. मंग दार उघडं टाकून मायलेक मांगं सरकले, हात जोडले, डोळे मिटले, का पितरायनं निवांत येऊन जेवावं. डोळे उघडले तं पानावर पोरगी. मांडी घालून बसलेली. तिनं काय पाह्यलं असन? समोर सगळं मांडलेलं आन् बाजूले गडवा. जिथं गडवा हाय तिथं हात लावता येते, हाच तं नियम होता तिचा. आन् भरवाले मी घरी नव्हती. कढीत बोटं घातली, तोंडात घातली, गडव्यात धुतली. मंग पुरण. मंग धुतली. पुन्हा पुरण.

तो घाबरला. पितरायचं पान, उष्टं झालं, आन् माय समोर. तो तिले उचलाले पुढं झाला तं मामीजीनं त्याचा हात धरला.

"जेवू दे त्याले," ती म्हणाली.

त्याले समजलंच नाही. तो म्हणाला, कोणाले? मंग मामीजीनं बोटानं दाखवलं.

"तुहा बाप असाच जेवे. एक घास का बोटं धुये, एक घास का बोटं धुये. जन्मभर गडवा घेऊन बसला ताटापाशी. म्या लय शिव्या देल्या, म्हटलं तुमच्या जेवणाले विहीर लागते. हातात काही चिकटलं तं अंगावर काटा येये त्याच्या, तरी नांगर धरला." मंग म्हणाली, "मी विसरलीच होती वं."

हे सगळं ऐकून मी तिथंच उंबऱ्यावर बसली. मामीजी माह्याकडं वळली. म्हणाली, "नेत नाही मी इले. एक जन्म सांभाळला मी याले. आता तू सांभाळ."

मी म्हटलं, "हाव मामीजी."

"आन् गडवा मोठा घे," ती म्हणाली. "त्याले लहान पुरत नव्हता."

हिरवा फराक ती ठेवून गेली. पोरीनं तो दुसऱ्याच दिवशी बिज्याच्या पाण्यात बुचकळला, मंग तो कोणत्या रंगाचा म्हणाचा हेच समजे नाही. पावसाळ्यात तिच्या बापाचं प्लास्टर निघालं आन् तो कामावर गेला. मंग भुसा पुन्हा तोच आणाले लागला, निवडून. पोरीच्या ताटापाशी पाण्याची वाटी आजही राहते. तिचे लेकरं हसतात. हसू दे.

त्या अक्षय तृतीयेच्या सांजेले पोरगी शेगडीपाशीच होती, बापासंग भुसा दाबून राहिली होती. मले पाहून उठली. दुपारचं पुरण वाटीत होतं, त्यात तिनं भुशाचाच हात घातला, गोळा केला, आन् धुवाचं विसरून तसाच माह्या तोंडापाशी आणला. मी तोंड उघडलं. दाताखाली कचकच लागली, सागाचा होता, वासावरून समजलं. मी गिळला.

ती म्हणाली, "फू?"

मी म्हटलं, नाही वं माय, राहू दे.